कोंदणातील रत्ने आणि खात्यातील रुपये

बँकेत चोवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने स्वतःचे पासबुक महिनोन्‌महिने उघडून पाहू नये, ही तशी लाजिरवाणी गोष्ट आहे. परंतु ती खरी आहे. गेल्या दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी, शाखेत जरा सवड मिळाली म्हणून मी माझे पासबुक भरून घेतले आणि त्यातील नोंदी वाचता वाचता एका ठिकाणी थबकलो. ८९९ रुपयांची एक नोंद. चार दिवसांनी पुन्हा ८९९. मग दोन दिवसांनी पुन्हा तेच. तीन आठवड्यांत अशा सात नोंदी होत्या, म्हणजे एकूण ६,२९३ रुपये. समोरच्या रकान्यात जे नाव होते, ते मी कधी ऐकलेही नव्हते.

खात्यावर व्यवहार झाल्याचे लघुसंदेश येत नव्हते काय, असे सुज्ञ वाचक विचारतील. येत होते. दिवाळीच्या दिवसांत सवलतींच्या संदेशांचा जो पूर येतो, त्यात तेही वाहून गेले. ग्राहकांना मी नेहमी सांगतो की, प्रत्येक संदेश वाचत जा. मी स्वतः मात्र वाचले नव्हते.

आम्ही दक्षिण दिल्लीत लक्ष्मीबाई नगर येथे राहतो. सौभाग्यवती केंद्र सरकारच्या सेवेत असल्याने हे क्वार्टर तिच्या नावे मिळालेले आहे. एका बाजूला आय. एन. ए. मार्केट, दुसऱ्या बाजूला सरोजिनी नगरचा सुप्रसिद्ध बाजार आणि मध्ये ही झाशीच्या राणीच्या नावाची सरकारी वसाहत. नावापुरती का होईना, मराठी माणसाला येथे आपुलकी वाटते. आय. एन. ए. मार्केटात देशातील बहुतेक प्रांतांचे जिन्नस मिळतात. त्यामुळे रविवारी पिशव्या घेऊन तेथे जाणे हा आमचा कुलाचारच झाला आहे. हे सारे सांगण्याचे कारण पुढे येईलच.

नोंदी पाहिल्यावर माझ्या मनात प्रथम आला तो मोबाईल दुरुस्त करणारा तरुण. दिवाळीच्या आधी माझ्या फोनची काच बदलून घेतली होती आणि त्यासाठी फोन त्याच्या हाती दिला होता. बँकेतील माणसाला संशय घेण्याचा सराव असतो, परंतु तो योग्य दिशेने घेण्याचा असतोच असे नाही. मी तडक त्याच्या दुकानी गेलो आणि चार लोकांदेखत त्याला विचारले. तो बिचारा काहीच बोलला नाही. त्याने आपली वही काढली आणि माझ्या नावापुढील तारीख व वेळ दाखवली. फोन त्याच्याकडे चाळीस मिनिटे होता आणि माझ्या पासबुकातील पहिल्या दोन नोंदी त्या तारखेपूर्वीच्या होत्या. मी "बरं, पाहतो" असे पुटपुटून बाहेर पडलो. क्षमा मागण्याचे धैर्य त्या वेळी झाले नाही.

घरी येऊन अनधिकृत व्यवहाराची तक्रार लिहावयास बसलो. अर्ज निम्मा झाला असेल, तेवढ्यात आमचे चिरंजीव (वय वर्षे तेरा, इयत्ता आठवी) दाराशी येऊन उभे राहिले.

"बाबा, तो अर्ज देऊ नका. ते पैसे मी खर्च केलेत."

"कशावर?"

"रत्नांवर."

जादूगाराची अंगठी

त्या रात्री जे कळले, ते माझ्यासारख्या जुन्या माणसाला एकदम उमगण्याजोगे नव्हते. चिरंजीव आंतरजालावर एक खेळ खेळतात. त्यात प्रत्येक खेळाडू एक जादूगार असतो. त्याच्या हाती छडी, अंगावर झगा, डोक्यावर टोकदार टोपी, बोटात अंगठी आणि गळ्यात ताईत. जगभरातील हजारो मुले-माणसे एकाच वेळी त्या मायानगरीत वावरत असतात आणि राक्षसांशी लढत असतात. जादूगाराचे बळ केवळ त्याच्या मंत्रांत नसते. ते त्याच्या आयुधांत व वस्त्रांत असते. ही आयुधे वरच्या प्रतीची करावयाची तर रत्ने लागतात. नगरीत एक लोहार आहे. त्याच्याकडे अंगठी द्यावी, एकशे वीस रत्ने द्यावीत, म्हणजे तो ती रत्ने भट्टीत घालून अंगठी एका पायरीने वर चढवून देतो. राक्षस मारून रत्ने मिळतात, पण फार थोडी. विकत घेतली तर ८९९ रुपयांस पाचशे.

खेळांतील ही रत्ने काही आजची नव्हेत. २००० साली अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीचा 'डायब्लो २' हा खेळ निघाला आणि आयुधाला कोंदण असावे, त्यात रत्न बसवावे व त्यामुळे आयुधाचे गुण वाढावेत, ही कल्पना त्याने घरोघरी पोहोचवली. कोंदण हा आपल्या सराफकट्ट्यावरचा शब्द येथे अगदी नेमका बसतो. त्या खेळात रत्नांच्या सात जाती होत्या : माणिक, पाचू, नीलमणी, पुष्कराज, हिरा, जमुनिया आणि सातवी चक्क कवटी. एकच रत्न वेगवेगळ्या कोंदणांत वेगवेगळे फळ देई. माणिक तलवारीत बसवले तर तिच्या घावाला आगीची जोड मिळे. तेच शिरस्त्राणात वा चिलखतात बसवले तर आयुष्य वाढे, आणि ढालीत बसवले तर आगीपासून रक्षण होई. आपले ज्योतिषी कोणता खडा कोणत्या बोटात, हे जितक्या गांभीर्याने सांगतात, तितक्याच गांभीर्याने ही मुले त्या खेळाचे कोष्टक पाठ करीत.

प्रत्येक रत्नाच्या पाच प्रती होत्या. सर्वांत खालचे टवका उडालेले, मग सदोष, मग साधे, मग निर्दोष आणि सर्वांत वरचे परिपूर्ण. एका जादूच्या पेटीत एकाच जातीची व एकाच प्रतीची तीन रत्ने टाकली की त्यांचे वरच्या प्रतीचे एक रत्न होई. आता बँकेतील माणसाला आकडेमोड केल्यावाचून राहवत नाही. एका परिपूर्ण माणकासाठी टवका उडालेली माणके किती लागतील? तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी. आणि मिळते काय? शिरस्त्राणातील टवका उडालेले माणिक आयुष्यात १० गुणांची भर घाली. पुढच्या प्रती अनुक्रमे १७, २४, ३१ आणि ३८. दर पायरीला नेमकी सातांची वाढ. म्हणजे फायदा वाढतो सरळव्याजाने आणि खर्च वाढतो चक्रवाढीहूनही भयंकर गतीने. एक्याऐंशी पट खर्च केला तर पावणेचार पटींच्या थोडे वर फळ!

हे गणित मी मोठ्या विजयी मुद्रेने चिरंजीवांपुढे मांडले. त्यांनी क्षणभर विचार केला.

"पण बाबा, शिरस्त्राणाला जास्तीत जास्त तीनच कोंदणं असतात ना. एक्याऐंशी खडे बसवणार कुठे?"

मला निरुत्तर व्हावे लागले. जागा मोजकी असली की प्रत वाढवण्याला मोल येते, हे तत्त्व दिल्लीत राहणाऱ्याला तरी कळावयास हवे होते.

याहून पुढचे जे त्यांनी सांगितले, ते ऐकून मी चकित झालो. ही सगळी रत्ने त्यांनी अंगठी आणि ताईत यांवरच खर्च केली होती. झगा व टोपी यांवर एकही नाही. का, तर पन्नासाव्या पायरीवर नवा झगा मिळतो. तो मिळाला की जुना टाकून द्यावयाचा आणि त्याबरोबर त्यावर जाळलेली रत्नेही गेली. अंगठी मात्र ऐंशीव्या पायरीपर्यंत टिकते. "जे टाकायचंच आहे, त्यावर कशाला खर्च करायचा?"

आमच्या वसाहतीत राहिलेल्या कोणालाही या वाक्याचे मोल लगेच कळेल. सरकारी क्वार्टरही टाइपप्रमाणे मिळते. वेतनस्तर वाढला की वरच्या टाइपाचे. तरीही कित्येक मंडळी हौसेने स्वयंपाकघराला नवी फरशी बसवतात, कपाटे ठोकून घेतात, खिडक्यांना जाळ्या लावतात आणि दोन-तीन वर्षांत बदलीचा आदेश आला की ती सारी शोभा पुढच्या माणसाला वापरावयास ठेवून निघून जातात. आमच्या सौभाग्यवतींनी पडद्यांपलीकडे या घरावर खर्च करावयाचा नाही, असा दंडक घालून दिला आहे. चिरंजीवांनी तो कोठून उचलला, हे वेगळे सांगावयास नको. विवेक मुलापाशी होता. फक्त तो रत्नांच्या भाषेत होता, रुपयांच्या नव्हे.

सापडणारे रत्न विकाऊ झाले

'डायब्लो २' मधील रत्ने खेळता खेळता सापडत. खेळाची तबकडी एकदा विकत घेतली की कंपनीशी पैशाचा संबंध संपे. रत्न उधळले तर वेळ वाया जाई, खिशाला तोशीस पडत नसे. कोंदणातील रत्न काढावयाची युक्तीही पुढे निघाली, पण तीत आयुध मोकळे होई आणि रत्न मात्र नष्ट होई. म्हणजे कोंदणात गेलेले रत्न परत येत नाही, हा नियम आरंभापासूनचाच. दुखत मात्र नसे, कारण त्यात पैसा गुंतलेला नव्हता.

मध्यंतरी चित्र पालटले. २ सप्टेंबर २००८ रोजी टेक्सासमधील किंग्जआयल या कंपनीने 'विझार्ड १०१' हा जादूगारांचा ऑनलाईन खेळ सुरू केला. अग्नी, हिम, वादळ, पुराणकथा, जीवन, मृत्यू आणि समतोल अशी सात विद्यापीठे त्यात आहेत आणि मुलांना मानवेल असे त्याचे सौम्य रूप आहे. पुढे त्यातील आयुधांनाही कोंदणे आली. थेंबाच्या, वर्तुळाच्या, चौकोनाच्या व त्रिकोणाच्या आकाराची, प्रत्येकात त्याच आकाराचे रत्न. या खेळात दोन चलने आहेत. एक सोने, जे खेळून मिळवावयाचे. दुसरे क्राऊन, म्हणजे मुकुट, जे मुख्यतः खऱ्या पैशांनी घ्यावयाचे. या दुसऱ्या चलनाने खेळांचे अर्थशास्त्र बदलले. येथपर्यंत तरी पालकाला हिशेब लावता येई.

जून २०२२ मध्ये त्याच 'डायब्लो' मालिकेतील 'डायब्लो इम्मॉर्टल' हा मोबाईलवरचा खेळ आला. त्यात आयुधांना बळ देणारी जी दुर्मीळ रत्ने आहेत, ती मिळण्याची संधी पैसे देऊन विकत घेता येते. लक्षात घ्यावे, रत्न नव्हे, रत्न मिळण्याची संधी. उत्तम रत्न निघेल की सामान्य, हे दैवाधीन. शिवाय ते रत्न वरच्या पायरीला न्यावयाचे तर आणखी रत्ने त्यात खर्ची घालावी लागतात. अशा सोडतीविरुद्धच्या कायद्यांमुळे बेल्जियम व नेदरलँड्स या देशांत कंपनीने तो खेळ प्रसिद्धच केला नाही. एकाच मालिकेत बावीस वर्षांत रत्नाचा प्रवास असा झाला : आधी ते वाटेत सापडे, मग त्याची सोडत निघू लागली.

आमच्या चिरंजीवांच्या खेळात सोडत नव्हती, एवढे नशीब. पण दुसरी एक युक्ती होती आणि ती मला तरी अधिक धूर्त वाटते. वहीवर मांडून पाहिली तेव्हा ती उघडी पडली. पिशवीत रत्ने पाचशे. लोहाराचा दर एकशे वीस. चार वेळा काम करून घेतले की चारशे ऐंशी जातात आणि वीस उरतात. ती वीस कशाच्याही उपयोगाची नसतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून मुलगा पुढची पिशवी घेतो. वाणी सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवतो, तसे हे. फरक एवढाच की, या गोळ्या खाण्यासाठी पुन्हा त्याच्याकडेच जावे लागते.

मग मी विचारले, "एकदा अंगठी चढवायला रुपये किती पडतात?" चिरंजीवांना सांगता येईना. त्यांना एकशे वीस हा आकडा पाठ होता. त्याचे रुपये त्यांनी कधी केलेच नव्हते. आम्ही दोघांनी केले. सहा पिशव्यांची तीन हजार रत्ने वापरून झाली होती. त्यांत पंचवीस वेळा काम झाले. ५,३९४ रुपये भागिले पंचवीस : २१५ रुपये ७६ पैसे. मुलाचा चेहरा पाहण्याजोगा झाला. दर महिन्याला आजीकडून त्यांना दोनशे रुपये मिळतात. अंगठीची एक पायरी म्हणजे आजीचा एक महिना आणि वर पंधरा रुपये शहात्तर पैसे.

रुपये आणि वस्तू यांच्यामध्ये तिसरे काहीतरी ठेवले की खर्च होणाऱ्या रुपयाचा चटका बसत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही हे हेरले आहे. २०१४ च्या जानेवारीत ॲपल कंपनीने मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. तेथे पालकाने एकदा परवलीचा शब्द टाकला की पंधरा मिनिटे खरेदीचे दार उघडे राहत असे आणि हे पालकांना ठाऊक नसे. २०२५ च्या जानेवारीत 'गेन्शिन इम्पॅक्ट' या खेळाच्या कंपनीने २ कोटी डॉलरचा दंड स्वीकारला. त्यातील अटींत सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून सोडतीच्या पेट्या न विकणे आणि खेळातील चलनांचा खऱ्या पैशांशी असलेला दर उघड करणे, या दोन अटी होत्या. वहीच्या पानावर आम्ही बापलेकांनी जे केले, तेच तेथे कंपनीला करावयास सांगितले गेले.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला भुलवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली. खोटी घाई उत्पन्न करणे, ही त्यांतील एक. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन खेळांविषयीचा कायदाही संसदेने संमत केला; २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. परंतु त्याचा प्रहार पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. आमच्या जादूगाराला रत्नांतून एक पैसाही जिंकावयाचा नव्हता, त्यामुळे असल्या खरेदीचा पहारा घरातच करावा लागतो.

पिन कोणी दिला?

आता मूळ प्रश्न. चिरंजीवांना माझा यूपीआयचा पिन कसा ठाऊक झाला? उत्तर आय. एन. ए. मार्केटात आहे. रविवारी दोन्ही हातांत पिशव्या असत. भाजीवाल्याचे पैसे द्यावयाचे, मासे-मसाल्यांचे पैसे द्यावयाचे, फोन खिशात. "अरे, फोन काढ. पैसे दे. चार आकडे टाक," असे मीच त्यांना मोठ्याने सांगत असे. भर बाजारात, ग्राहकांना पिन गुप्त ठेवण्याचा उपदेश करणारा बँक अधिकारी!

म्हणूनच तो निम्मा भरलेला अर्ज मी फाडून टाकला. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारांबाबत ग्राहकाचे उत्तरदायित्व किती, हे स्पष्ट केले होते. तिसऱ्याच कोणाच्या चुकीने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. काउंटरच्या आतल्या बाजूने हे तत्त्व मी किती जणांना ऐकवले असेल! तो अर्ज गेला असता तर माझ्याच शाखेतील एखाद्या तरुण सहकाऱ्याला ते मला ऐकवावे लागले असते.

ज्या मंचावरून ही खरेदी झाली होती, त्यास आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिले. जे घडले ते जसेच्या तसे लिहिले. वापरलेल्या रत्नांचे पैसे परत मिळत नाहीत, असे उत्तर आले. सातवी पिशवी तशीच होती. तिचे ८९९ रुपये नवव्या दिवशी खात्यात जमा झाले. उरलेले ५,३९४ रुपये गेले ते गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्या तरुणाकडे गेलो. या वेळीही दुकानात चार गिऱ्हाईके होती आणि ते बरेच झाले. मी क्षमा मागितली. चिरंजीवही मान खाली घालून बोलले. तो म्हणाला, "कोई बात नहीं, सर, बच्चा है." मला मात्र वाटले की, त्याच्या दृष्टीने त्या प्रकरणात बच्चा एक नव्हता, दोन होते.

घरात या सर्व प्रकाराकडे सर्वांत शांतपणे पाहिले ते माझ्या आईने. तिने नातवाला समोर बसवून ती अंगठी पडद्यावर पाहिली. निळसर प्रकाशाची, तीन कोंदणांची. दिसावयास सुरेखच होती.

"मग आता ही मोडली तर काय येईल रे?"

"काहीच नाही, आजी. मोडताच येत नाही."

आईने आपल्या बोटातील पुष्कराजाची अंगठी फिरवली. ती तिला माझ्या वडिलांनी साताऱ्यास केली होती. "याही खड्याचं काही येत नाही हो," ती म्हणाली. "सोन्याचं तेवढं येतं." आणि हे अक्षरशः खरे आहे. सराफाकडे दागिना मोडावयास न्या, तो खड्याचे वजन वजा करतो, घडणावळ तर गेलेलीच असते. आमच्याकडे सोनेतारण कर्जासाठी दागिने येतात, तेव्हाही खड्याचे वजन सोडून निव्वळ सोनेच हिशेबात धरले जाते. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोनेतारण कर्जांविषयी जे निदेश काढले, त्यांतही रत्ने-खड्यांची किंमत मूल्यांकनात मिळवावयाची नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. हौसेने जडवलेला पाचूचा हार घेऊन आलेल्या भगिनीला हे समजावणे, हा आमच्या नोकरीतील एक अवघड प्रसंग असतो. खडा हा खर्च असतो, ठेव नव्हे. तो करू नये असे मी म्हणणार नाही. आईची अंगठी मी कोणत्याही मोलाने मोडू देणार नाही. पण तो खर्चाच्या रकान्यात लिहावा.

घरात काय बदलले

पहिले म्हणजे पिन बदलला आणि तो आता फक्त मला ठाऊक आहे. पिशव्या चिरंजीव धरतात, पैसे मी देतो. कार्डावरील आंतरजालाचे आणि परदेशी व्यवहार मी बंद करून ठेवले आहेत. लागेल तेव्हा उघडतो. ही सोय २०२० पासून प्रत्येक कार्डधारकास बँकेकडून मिळते, पण विचारल्यावाचून कोणी वापरत नाही, असा माझा अनुभव आहे. तिचे महत्त्व असे की, देशातील ऑनलाईन कार्ड व्यवहारांना २००९ च्या ऑगस्टपासून परवलीच्या जादा पडताळणीचे कवच आहे. परदेशी विक्रेत्याकडे मात्र ते नेहमी असतेच असे नाही, आणि खेळांच्या पुष्कळ कंपन्या परदेशी आहेत. फोनमध्येही प्रत्येक खरेदीला परवलीचा शब्द विचारला जावा, अशी योजना करता येते. ती केली.

ज्यांना मुलाच्या हाती थोडा व्यवहार द्यावासा वाटतो, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२४ पासून यूपीआय सर्कलची सोय आहे. तीत घरातील दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्यातून पैसे देता येतात, परंतु प्रत्येक व्यवहारास आपली संमती लागावी किंवा ठरावीक मर्यादेपर्यंतच खर्च व्हावा, असे ठरवता येते. पिन सांगण्यापेक्षा हे केव्हाही सभ्य.

आम्ही दुसरा मार्ग निवडला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवण्याची मुभा बँकांनी आपल्या धोरणानुसार द्यावी, असे कळवले होते. त्यानुसार चिरंजीवांचे खाते उघडले. अर्जावर सही करताना त्यांनी तीन वेळा सराव केला. आजीचे दोनशे रुपये आता तेथे जमा होतात. ५,३९४ रुपयांची परतफेड करावी की करू नये, यावर सौभाग्यवतींत व माझ्यात मतभेद झाले. माझे मत, पूर्ण करावी. तिचे मत, "अहो, पिन तुम्ही दिलात; अर्धे तुमचे." शेवटी तिचेच मत मान्य झाले. २,६९७ रुपये, दरमहा शंभर रुपये हप्ता, बिनव्याजी. सत्तावीस हप्ते होतात, शेवटचा सत्त्याण्णवचा. हे कोष्टक चिरंजीवांनी स्वतः मांडले आणि शेवटचा हप्ता तीन रुपयांनी कमी येतो, हे त्यांनीच मला दाखवले.

खेळ बंद केला नाही. बंद करावा, असा सल्ला शाखेतील दोघातिघांनी दिला. पण जादूगारांच्या त्या नगरीत चिरंजीवांचे पुण्याचे व नागपूरचे मावसभाऊही असतात आणि दिल्लीत राहणाऱ्या मुलाला मराठीत भांडावयास तेवढीच एक जागा उरली आहे. आता ते सापडलेल्या रत्नांवर खेळतात. आठवड्याला नऊ-दहा मिळतात, म्हणजे अंगठीची पुढची पायरी तीन महिन्यांनी.

परवा संध्याकाळी त्यांनी आजीला हाक मारली. पडद्यावर लाल अक्षरांत झळकत होते : महाबचत, दुप्पट रत्ने, फक्त दोन तास शिल्लक. खाली घड्याळाचे काटे उलटे धावत होते. आजी चष्मा लावून शेजारी बसली. दोघांनी गप्पा मारत, शेंगा सोलत ते दोन तास काढले आणि घड्याळ शून्यावर आले तेव्हा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळ उघडला, तर तेच घड्याळ पुन्हा चोवीस तासांवर आलेले होते.